मुंबई ते कोलकाता : अंतर एक, वेळा दोन

नोकरीनिमित्त कोलकात्यास स्थायिक झालेल्या मुलाकडे हिवाळ्यात जाऊन येण्याचा बेत एखाद्या मराठी कुटुंबाने केला आणि विमानांचे वेळापत्रक समोर मांडले, की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. मुंबईहून कोलकात्यास जावयास जेवढा वेळ दाखविलेला असतो, त्याहून परतीचा वेळ बहुधा दहा-वीस मिनिटांनी अधिक असतो. विमानतळ तेच, विमानही पुष्कळदा तेच; मग हा फरक कशाचा? आगगाडीच्या बाबतीत आपण म्हणू की मध्ये थांबे अधिक असतील, एखादी मालगाडी आडवी येत असेल. आकाशात तर थांबे नाहीत.

यावर घरोघरी दोन उत्तरे ऐकावयास मिळतात. पहिले असे, की कोलकात्याचे घड्याळ पुढे असते. आज ते खरे नाही. मात्र एके काळी ते अगदी खरे होते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांनी आपापली स्थानिक वेळ सोडली नाही. कलकत्त्याने ती १९४८ पर्यंत चालविली, मुंबईने १९५५ पर्यंत. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, कलकत्त्याची सुमारे २४ मिनिटे पुढे. दोहोंत एक तासाहून थोडे अधिक अंतर. या दोन शहरांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचा फरक आहे आणि सूर्यास एक अंश ओलांडावयास चार मिनिटे लागतात, म्हणून हा हिशेब सूर्याच्या दृष्टीने चोख होता. आता दोन्हीकडे घड्याळ एकच आहे. सूर्य मात्र कोलकात्यास अजूनही तासभर आधी उगवतो. आजोबा पहिल्या सकाळी नेहमीहून लवकरच लख्ख उजेड पाहून उठून बसतात, त्याचे कारण हेच.

दुसरे उत्तर असे, की पृथ्वी फिरते म्हणून. हे ऐकावयास पटते, पण किंचित विचार करता उलटेच ठरते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान जर तिच्यापासून सुटे होऊन अधांतरी राहत असते, तर कोलकात्याहून वर चढून एके ठिकाणी घिरट्या घालीत राहावे आणि तासाभरात मुंबई आपण होऊन खाली यावी! म्हणजे परतीचाच प्रवास सोपा झाला असता. तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात पोहत असते. खरे उत्तर त्या वातावरणातच आहे. तिकडे वळण्यापूर्वी अंतराचा हिशेब उरकून घेऊ.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबईपासून कोलकात्यापर्यंत एक दोरा ताणून धरावा. गोलावर ताणलेला दोरा जो मार्ग दाखवितो, तोच दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. भूगोलाच्या पुस्तकात यास बृहद्वृत्त म्हणतात. या मार्गाने मोजले असता मुंबई व कोलकाता या विमानतळांमधील अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर भरते. वैमानिक सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात पृथ्वीच्या परिघावरील अंशाचा साठावा भाग. त्या मापाने हे अंतर जवळजवळ ९०० सागरी मैल होते. आकडा गोल असल्यामुळे पुढच्या गणितास तो फार सोयीचा पडेल.

त्या दोऱ्याखाली वाटेत कोणते शहर येते ते मुलांना शोधावयास सांगावे. नागपूर! मुंबई ते नागपूर सुमारे ६८३ किलोमीटर आणि नागपूर ते कोलकाता ९८५. बेरीज केली तर थेट अंतराहून जेमतेम दोन-तीन किलोमीटर अधिक. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे असे आपण सहज बोलून जातो, पण या मार्गावर ते किती अचूक बसले आहे हे दोरा धरल्याखेरीज कळत नाही. याच योगायोगाचा लाभ टपाल खात्याने घेतला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करीत व उजाडण्याच्या सुमारास आपापल्या गावी परतत. त्या काळची डाकोटा विमाने ताशी २७० किलोमीटरांच्या आसपास वेगाने जात. म्हणजे मुंबईहून नागपुरास अडीच तास आणि तेथून कलकत्त्यास साडेतीन तासांहून अधिक. शिवाय मधला मुक्काम. तरीही संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. आगगाडी हेच अंतर नागपूरमार्गेच तोडते, पण घाट, नद्या आणि खाणींचे प्रदेश यांतून वाट काढताना तिची लांबी १,९७० किलोमीटरांच्या घरात जाते व सारा प्रवास दीड दिवसाच्या आसपास रेंगाळतो.

अंतर असे स्थिर आहे. त्यात वाद नाही. परंतु विमानही त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, हेही येथेच सांगावयास हवे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते व वाऱ्याकडे तोंड करूनच उतरते. मुंबईस वारा बहुधा समुद्रावरून येतो, म्हणून कोलकात्यास निघालेले विमान पुष्कळदा आधी पश्चिमेस, अरबी समुद्रावर झेपावते आणि मग वळसा घेऊन पूर्वेची वाट धरते. खिडकीशी बसलेल्या मुलाने “आपण उलटीकडे का चाललो?” असे विचारले तर त्याचे निरीक्षण बरोबर असते. कोलकात्यास दोन्ही धावपट्ट्या दक्षिणोत्तर आहेत. पश्चिमेकडून आलेल्या विमानास तेथेही एक काटकोनी वळण घ्यावेच लागते. या दोन वळणांत व विमानांच्या ठरावीक हवाई वाटांत काही मैल वाढतात. ते जाता-येता थोडेफार सारखेच, म्हणून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही.

आता वाऱ्याकडे येऊ. आजची प्रवासी जेट विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. हिवाळ्यात त्या उंचीवर उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड वायुप्रवाह वाहत असतो. दक्षिणेकडील उष्ण हवा व उत्तर आशियातील अतिशीत हवा यांच्या तापमानांत जी तफावत पडते, तिच्यामुळे तो निर्माण होतो. यास जेट प्रवाह म्हणतात. हिमालयाच्या दक्षिणेस त्याचा मध्यभाग असतो व तेथे ताशी दोनशे किलोमीटरांचा वेगही नवलाचा नसतो. मुंबई-कोलकाता मार्ग या प्रवाहाच्या दक्षिण काठावर येतो. तेथे वारा तितका प्रखर नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नसतो.

एक सोपे गणित करून पाहू. विमानाचा हवेतील वेग ताशी ४५० सागरी मैल, अर्थात ४५० नॉट, धरू. वारा मुळीच नसेल तर ९०० मैल जावयास बरोबर दोन तास लागतील, यावयासही दोन. आता ५० नॉटचा पश्चिमवारा धरा. जाताना तो पाठीशी असतो. जमिनीच्या दृष्टीने वेग ५०० होतो व प्रवास १ तास ४८ मिनिटांत संपतो. येताना तोच वारा छातीवर येतो, वेग ४०० वर उतरतो आणि २ तास १५ मिनिटे लागतात. फरक सत्तावीस मिनिटांचा! आणखी एक गंमत मुलांना दाखवावी. जाताना बारा मिनिटे वाचली, येताना पंधरा गेली. दोन्ही मिळून चार तासांऐवजी ४ तास ३ मिनिटे झाली. जे मिळाले तेच परत द्यावे लागले, असा हिशेब येथे जुळत नाही. कारण उघड आहे : विरोधी वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून त्याचा जाचही अधिक वेळ सोसते. नदीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेची जी उदाहरणे आपण शाळेत कंटाळत सोडविली, ती हीच.

वेळापत्रकात हा फरक सत्तावीस मिनिटांचा न दिसता दहा-वीस मिनिटांचाच का दिसतो? वारा रोज सारखा नसतो आणि छापील वेळ एका दिवसाची नव्हे, तर ऋतूची सरासरी पाहून ठरवितात. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या अखेरीस. दिल्ली-गुवाहाटी हा मार्ग तर जवळजवळ या प्रवाहाच्या खालूनच जातो. तेथे हिवाळ्यात जाण्यायेण्याच्या वेळांतील अंतर अधिकच डोळ्यांत भरते.

पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात हा पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या पलीकडे उत्तरेस सरकतो आणि दक्षिण भारतावर बऱ्याच उंचीवरून उलट दिशेचा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह सुरू होतो. या उष्णकटिबंधीय पूर्वप्रवाहाचा शोधनिबंध आपल्या हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. पुढे ते त्याच खात्याचे प्रमुख झाले. मोसमी पावसाशी या प्रवाहाचा निकटचा संबंध आहे, त्यामुळे त्यांचे काम वैमानिकांपुरते राहिले नाही. मुंबई-कोलकाता मार्गावर त्या महिन्यांत वरचा वारा मंद होतो, कधी उलटाही होतो, आणि जाण्यायेण्यातील हवेचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मात्र त्याची भरपाई ढगांचे मनोरे करतात. त्यांना वळसा घालावाच लागतो.

विमाने तर आता पूर्वीहून वेगवान झाली असतील, मग वेळ कमी का होत नाही, असे कोणी विचारील. येथे एक नवल आहे. इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली व्हायकाउंट विमाने आणली, तेव्हा डाकोटाचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. १९६४ साली कॅराव्हेल हे जेट विमान आले आणि ताशी आठशे किलोमीटरांचा टप्पा गाठला गेला. त्यानंतर साठ वर्षे लोटली. देशांतर्गत विमानांचा वेग जवळपास तेथेच आहे. ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागले की हवेचा विरोध एकाएकी वाढतो आणि इंधन भराभर जळते. म्हणून कारखानदारांनी वेगाचा नाद सोडून इंधन वाचविण्याकडे लक्ष दिले. माझ्या मते ते शहाणपणाचेच झाले. पाच-दहा मिनिटांसाठी भाडे दीडपट करणे कोणत्याही गृहिणीस रुचले नसते.

आता आपल्या गणितातील दोन तास आणि तिकिटावरील पावणेतीन तास यांची सांगड घालू. तिकिटावरील वेळ उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन उभे राहीपर्यंतची ती वेळ असते. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावीपर्यंत, अशी तिची जुनी व्याख्या आहे. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, तेथे रांगेत थांबणे, वर चढताना व खाली उतरताना कमी असलेला वेग, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत जाणे, हे सारे तीत येते. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे एका वेळी कामास एकच येते. जगातील अतिशय गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असा एका धावपट्टीवर चालावयाचा, म्हणजे रांग लागणारच. परतीच्या विमानास मुंबईनजीक येऊन आकाशात एक-दोन फेरे मारावे लागले, तर त्यात वैमानिकाचा दोष नसतो. कंपन्या हे ओळखून छापील वेळेत थोडी सैल जागा ठेवतात. त्यामुळेच उशिरा सुटलेले विमान पुष्कळदा वेळेवर पोहोचते.

त्या फेऱ्यांच्या वेळी वयस्क माणसांच्या मनात एक भीती डोकावते : इंधन संपले तर? नियमाप्रमाणे विमानात केवळ ठरलेल्या गावापुरते इंधन भरता येत नाही. वाटेतील अडचणींसाठी काही जादा, ठरलेल्या ठिकाणी उतरता न आल्यास दुसऱ्या नेमून दिलेल्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते, आणि त्यानंतरही जेट विमानास तीस मिनिटे आकाशात राहता येईल इतके, असा साठा बरोबर असावाच लागतो.

दूरच्या प्रवासात अंतर आणि वेळ यांची फारकत अधिकच स्पष्ट होते. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आरंभी अटलांटिक महासागरावरून जात असे. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे आधीच्या मार्गाहून जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब. तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले. पाठीशी वारा होता! चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास वाचविणे हे जमिनीवरच्या कोणत्याही वाहनास साधणारे नाही.

मात्र वाट निवडणे नेहमीच वैमानिकाच्या हाती नसते. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने ते भारतीय विमानांस पुन्हा बंद केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांस अशा वेळी दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, इंधन वाढले, तास वाढले. दोऱ्याने मोजलेले अंतर मात्र एका मीटरानेही वाढले नव्हते.

याच्या उलट उदाहरण कोलकात्यासच पाहावयास मिळते. कोलकाता ते आगरतळा हे हवाई अंतर केवळ ३१६ किलोमीटरांचे आहे आणि विमान ते बांगलादेशावरून सुमारे तासाभरात तोडते. आगगाडीस मात्र उत्तर बंगाल, आसाम असा फेरा घालून दीड हजार किलोमीटरांहून अधिक जावे लागते. त्रिपुरेतील एखाद्या घरात कोणी गंभीर आजारी पडले आणि त्यास कोलकात्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवावयाचे ठरले, तर शेजारच्या देशाचे आकाश मोकळे असणे म्हणजे काय, हे त्या घरास सांगावे लागत नाही. पावणेदोन दिवसांच्या जागी एक तास.

आता व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. ज्यांना मुंबईस उतरून पुढे दुसरे विमान धरावयाचे आहे, त्यांनी हिवाळ्यात पूर्वेकडून येताना मध्ये अधिक अवधी ठेवावा. समोरचा वारा आणि मुंबईची रांग ही दोन्ही त्याच बाजूस येतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पहिले विमान लांबले तरी पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. स्वस्त पडते म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर दुसरे विमान चुकल्यावर त्याचे पैसे बहुधा बुडतातच. परीक्षा, मुलाखत किंवा शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्याने दिल्लीस अडकलेले विमान मुंबई-कोलकात्याच्या फेरीसही उशीर लावते, कारण पुष्कळदा तेच विमान पुढे या फेरीवर यावयाचे असते.

प्रवासाचा एकूण वेळ घराच्या दारापासून मोजावा. देशातील प्रवासात सामान नोंदविण्याची खिडकी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात आणि विमानात चढण्याचे दारही सुमारे पंचवीस मिनिटे आधी मिटते. ठाणे-कल्याणकडील कुटुंबास पावणेतीन तासांच्या उड्डाणासाठी सहा-सात तास हाती धरावे लागतात, ते यामुळे.

शेवटी, तिकिटावर शहराचे नाव वाचून थांबू नये. विमानतळाचे नाव वाचावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाल्याने मुंबईच्या नावाने आता दोन ठिकाणे आली आहेत. गोव्यात दाबोळी होतेच. २०२३ च्या जानेवारीपासून पेडणे तालुक्यात मोपा येथूनही विमाने सुटू लागली. या दोहोंमध्ये रस्त्याने पन्नासहून अधिक किलोमीटर पडतात. आजीस आणावयास गेलेली मंडळी वास्कोकडे आणि आजी मोपास, असे झाले तर दोन विमानतळांमधील प्रवासाचा वेळ टॅक्सीवाल्यास विचारावा लागेल.